खोबरेल गोठलं तर त्यात पाणी ओतत नाहीत

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठली की आपण ती उन्हात ठेवतो, नाहीतर गरम पाण्यात उभी करतो. तेल सुटावं म्हणून त्यात पाणी ओतावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. चरचरलं, खुपलं, संध्याकाळी पापण्या जड झाल्या की गार पाण्याचे हबके, गुलाबपाणी, काकडीच्या चकत्या. हे कसं चुकतं ते समजायला पापणीची कड पाहावी लागते. केसांच्या मुळांच्या किंचित आत तिथे तेलाच्या ग्रंथींची तोंडं ओळीने असतात. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 ग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटली की थोडं तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर पातळ साय धरतं, त्यामुळे अश्रू उडून जात नाहीत. कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक रुग्णांत तुटवडा असतो तो या सायीचा. तेल घट्ट होतं, टूथपेस्टसारखं दाबून काढावं लागतं आणि ग्रंथींची तोंडं बुजतात. वर नुसतं पाणी घातलं तर तेही उडतं. थंडाव्याने घटकाभर बरं वाटतं, पण तेल आणखी थिजतं. ‘माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी गळतं, मग ते कोरडे कसे?’ असं विचारणाऱ्यांनाही उत्तर इथेच मिळतं. पृष्ठभाग सुकून चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते, पण तेलाविना ते टिकत नाही.

मुळशी तालुका या बाबतीत मोठा विचित्र आहे. एका टोकाला ताम्हिणीचा धो धो पाऊस, तर दुसऱ्या टोकाला हिंजवडी आणि माणमध्ये दिवसभर एसीची कोरडी हवा. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर त्याच्या निम्म्यानेही मिटत नाही, आणि मिटते तीही अर्धवट. पापण्या पूर्ण टेकल्याच नाहीत तर तेल पिळून निघणार कसं? तरी सगळं खापर कॉम्प्युटरवर फोडायला मी तयार नाही. वय वाढेल तशा या ग्रंथी मंदावतात, म्हणून पौडच्या आजींनाही हाच त्रास होऊ शकतो. कडेच्या आतून ओढलेलं काजळही ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

थिजलेलं तेल सुटायला हवी ती ऊब, म्हणजे शेक. शेक घेऊनही उपयोग झाला नाही, ही तक्रार मला खरी वाटते, पण तिचं कारण शेकाच्या पद्धतीत असतं. पापणीला साधारण 40 अंशांची ऊब आठ-दहा मिनिटं सलग मिळावी लागते, आणि गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटांत गार होतो. त्यापेक्षा तांदूळ बरा, आणि आंबेमोहोराच्या या मुलखात कणीला काही तोटा नाही. मूठभर कोरडी कणी स्वच्छ सुती कापडात सैलसर बांधायची आणि तव्यावर फिरवून गरम करायची. पुरचुंडी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. तिथे सोसलं तरच मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायची, पण दाबायची नाही. शेक संपल्यावर लगेच, तेल पातळ आहे तोवर, धुतलेल्या बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकेच निपटायची. मग ओल्या कापसाने केसांची मुळं पुसून तिथला कोंडा काढायचा. पाण्यात थेंबभर बेबी शाम्पू घालायची जुनी रीत आहे, पण तो काहींना झोंबतो. औषधाच्या दुकानात पापण्यांसाठी तयार वाइप्स मिळतात, ते सौम्य असतात. टी ट्री तेल मात्र परस्पर लावू नये, निव्वळ तेल डोळा भाजून काढतं.

उष्णतेने डोळा बिघडेल ही भीती अगदीच पोकळ नाही. म्हणूनच मनगटाची परीक्षा आणि न दाबण्याची अट. दुसरा आक्षेप वेळेचा असतो: रोज दहा मिनिटं कोण काढणार, ड्रॉप्स टाकले की झालं! कृत्रिम अश्रूंना माझा विरोध नाही, पण दिवसातून अनेकदा टाकायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. धास्ती वाटते ती लाली झटक्यात घालवणाऱ्या स्टेरॉइड ड्रॉप्सची. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने चालले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. माशांच्या तेलाच्या गोळ्यांवर मी तरी पैसे घालवणार नाही. अमेरिकेतल्या 535 रुग्णांच्या ‘ड्रीम’ चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर ओमेगा-3 घेणारे त्यात ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. शेकाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून सोडला तर तेल पुन्हा थिजतं. दात घासण्यासारखंच हे काम आहे.

अर्थात प्रत्येक लाल डोळा शेकायचा नसतो. 2023 च्या जुलैत आळंदीत आली तशी डोळ्यांची साथ असेल, तर उपाय हात धुण्याचा आणि टॉवेल वेगळा ठेवण्याचा. डोळा दुखतोय, उजेड सोसत नाही, दिसायला कमी झालंय, तर पुरचुंडी बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे धरत असतील तर रक्ततपासणीबद्दल विचारावं. आणि उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल, तिथले केस गळत असतील, तर ती शेकत बसू नये. तेलग्रंथींचा कर्करोग असाच रांजणवाडीच्या रूपात लपतो, आणि तो ओळखायला गाठीचा तुकडा तपासावा लागतो.