समुद्रसपाटीखालील भातशेती : कुट्टनाडमधील सामूहिक जलनिचरा व कीड व्यवस्थापन

केरळमधील अलप्पुळा, कोट्टयम आणि पत्तनंतिट्टा या जिल्ह्यांत पसरलेला कुट्टनाड हा वेंबनाड सरोवराकाठचा सखल प्रदेश आहे. पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्यांचे पाणी येथे उतरते. येथील बरीच भातखाचरे समुद्रसपाटीच्या खाली असून भोवतालच्या कालव्यांतील पाण्याची पातळी शेताहून उंच असते. इतरत्र भातशेतीचा आरंभ पाणी मिळवण्यापासून होतो. येथे तो पाणी बाहेर काढण्यापासून होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये या पद्धतीस जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

पाडशेखरम : निचऱ्याचे एकक

एका बाह्य बांधाने वेढलेल्या, अनेक शेतकऱ्यांच्या सलग खाचरांच्या समूहास ‘पाडशेखरम’ म्हणतात. बांध एकच असल्याने तो एका ठिकाणी फुटला तरी सर्वांचे पीक बुडते. म्हणून बांधाची डागडुजी, पाणी उपसण्याचा प्रारंभ आणि पेरणीची तारीख हे निर्णय शेतकऱ्यांची समिती घेते. उपशासाठी शासनाचे साहाय्य मिळते. लाकडी पेटी आणि पिंप यांचा बनलेला ‘पेट्टी-परा’ हा पारंपरिक पंप कमी उंचीवर मोठ्या प्रमाणात पाणी फेकतो. अलीकडे त्याच्या जागी आधुनिक पंपही बसवले जात आहेत.

‘पुंजा’ हा येथील मुख्य हंगाम. पावसाळा सरल्यावर पाणी उपसून चिखलणी केली जाते आणि मोड आलेले बी फेकून पेरले जाते. येथील ‘करी’ जमिनीच्या खालच्या थरात पायराइट हे गंधकयुक्त खनिज असते. तो थर सुकून हवेच्या संपर्कात आल्यास आम्लता वाढते. त्यामुळे शेतात पाणी घेऊन आम्ल धुवून काढणे, ते पाणी पुन्हा उपसणे आणि चुना देणे ही कामे क्रमाने करावी लागतात. निचरा अपुरा राहिल्यास बी कुजते, अति झाल्यास जमीन आम्ल होते.

पाणी आणि कीड

1973-74 च्या सुमारास कुट्टनाडमध्ये तपकिरी तुडतुड्यांचा मोठा उद्रेक झाला. हे तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या किंचित वर राहून रस शोषतात. साचलेले पाणी, दाट पीक आणि नत्राचा अतिरेक त्यांना मानवतो. शेतातील पाणी काही दिवस उतरवल्यास बुंध्याजवळील दमटपणा घटतो व वाढीस आळा बसतो. सुरळीतील अळीच्या बाबतीत हा उपाय अधिक थेट ठरतो. ही अळी कल्ल्यांनी श्वास घेत असल्याने पाणी काढताच ती टिकत नाही.

मात्र एकट्या शेतकऱ्यास हा उपाय योजता येत नाही. खाचरातील पाणी आतील चरात सोडायचे, तर चराची पातळी आधी पंपाने उतरलेली असावी लागते. पंप सर्वांचा असतो आणि त्या दिवशी शेजाऱ्यास खत देण्यासाठी किंवा आम्ल धुण्यासाठी वेगळी पातळी हवी असू शकते. येथे कीड नियंत्रणाचा निर्णय हा जलव्यवस्थापनाचाही निर्णय असतो.

पेरणीचेही तसेच आहे. तुडतुड्यांची एक पिढी साधारण तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. एका पाडशेखरमात पेरणी दीर्घकाळ रेंगाळल्यास आधीच्या पिकावर वाढलेले पंखधारी तुडतुडे उशिराच्या कोवळ्या पिकावर उतरतात. म्हणून संपूर्ण क्षेत्राची पेरणी तीन आठवड्यांच्या आत उरकणे हितावह ठरते. मंकोंबू येथील भात संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘उमा’ हा वाण तुडतुड्यांना प्रतिकारक म्हणून तेथे रुजला. परंतु एकाच वाणावर विसंबून पाण्याची शिस्त सोडणे धोक्याचे आहे. कोळी आणि मिरीड ढेकूण हे तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू आहेत. अनावश्यक फवारणीने ते नष्ट होतात आणि प्रादुर्भाव उलट उसळतो.

कालवे व बांधाबाहेरील मर्यादा

पाणी वाहून नेणारे कालवे तुंबल्यास उपसा निष्फळ ठरतो. साल्व्हिनिया या तणाने कुट्टनाडचे जलमार्ग झाकोळले होते. 1980 च्या दशकात सोडलेल्या सायर्टोबॅगस साल्व्हिनी या सोंडकिड्याने ते मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणले व अनेक कालवे पुन्हा नौकानयनास योग्य झाले.

काही बाबी समितीच्या आवाक्याबाहेर आहेत. पुराचे पाणी समुद्रात सोडण्यासाठी 1955 मध्ये बांधलेल्या तोट्टप्पळ्ळी सांडव्याची प्रत्यक्ष वहनक्षमता मूळ आराखड्याच्या सुमारे एक-तृतीयांशच असल्याचे 2018 च्या महापुरानंतर प्रकर्षाने पुढे आले. खारे पाणी अडवणाऱ्या तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारे साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बंद असतात. पेरणी लांबली की दारे उघडणेही लांबते. पाणी साचून तण फोफावते आणि मासळीची ये-जा खुंटते. पेरणीच्या विलंबाची किंमत अशा प्रकारे मच्छीमारांनाही मोजावी लागते.

कोकणासाठी बोध

कोकणातील खारभूमीत पाण्याचा निचरा पंपाऐवजी भरती-ओहोटीनुसार उघडझाप होणाऱ्या उघाडीतून होतो. तंत्र निराळे असले तरी तत्त्व समान आहे. खारबंदिस्तीच्या गावांनी पुढील बाबी सामूहिकपणे ठरवाव्यात :

• बांध व उघाडीची तपासणी पावसाळ्यापूर्वी एकत्र करावी.
• एका बांधाआड पेरणीचा कालावधी तीन आठवड्यांच्या आत ठेवावा.
• चुडाच्या बुंध्याशी तुडतुड्यांची नियमित मोजणी करावी. फवारणीपूर्वी पाणी उतरवण्याचा पर्याय अवलंबावा.
• नत्राची मात्रा विभागून द्यावी.
• चर व नाले तणमुक्त राखण्याची जबाबदारी वाटून घ्यावी.

बांधाआडच्या शेतांचे सातबारे वेगळे असले तरी पाणी आणि कीड त्या सीमा मानत नाहीत. त्यामुळे अशा क्षेत्रात एका शेतकऱ्यास दिलेली शिफारस, संपूर्ण गटाने पाळल्याशिवाय, फळास येत नाही.