बरोबरींत जय कोणाचा?

हँडबॉलच्या खेळांत प्रत्येक पक्षाच्या सात खेळाडू हातानें चेंडू खेळून तो प्रतिपक्षाच्या जाळ्यांत टाकण्याचा यत्न करितात. युरोपांतील स्त्रियांच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेंत २०११–१२ सालीं हंगेरीचा ग्योर व माँटेनेग्रोचा बुदुच्नोस्त हे संघ अंतिम फेरींत आले. या फेरीचे सामने दोन. प्रत्येकाच्या यजमानपदाखालीं एकेक. पहिल्या सामन्यांत यजमान ग्योरनें २९–२७ असा जय मिळविला. पुढें पॉडगोरित्सा येथें बुदुच्नोस्तनें २७–२५ असा. बेरीज करून पाहा: दोहींकडे ५४!

त्या वेळचा नियम असा होता कीं, बेरीज सारखी आल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा पक्ष विजयी. बुदुच्नोस्तचे असे गोल २७, ग्योरचे २५. चषक बुदुच्नोस्तला मिळाला.

म्हणजे हरलेल्या सामन्यांतील गोलांनींच अखेर तारलें! त्या दिवशीं त्यांनीं हातपाय गाळले असते तर? ग्योरच्या खेळाडूंनींही धीर सोडला नाहीं. २०१३ व २०१४ सालीं चषक त्यांनींच जिंकला. पहिली प्रश्नपत्रिका अवघड गेली म्हणून खचणाऱ्या विद्यार्थ्यानें ही बेरीज एकदां स्वतः मांडून पाहावी.