वाढत्या वयाचा मेंदू आणि व्यसनाचा धोका



"मुलगा समंजस होता, शाळेंत हुशार होता; मग त्याला तंबाखूचा नाद लागला कसा?" असें पुष्कळ आईबाप विचारितात. कोणी संगतीला दोष देतात, कोणी त्या मुलालाच वाईट ठरवितात. गेल्या कांहीं दशकांत मेंदूविषयीं जो अभ्यास झाला, त्यानें ह्या प्रश्नावर बराच प्रकाश पडला आहे. तो आईबाप, शिक्षक व मंडळींतील वडीलधारे ह्यांस कळावा, म्हणून हा पाठ दिला आहे.

१. मेंदूची घडण केव्हां पुरी होते?

सहाव्या वर्षीं मुलाचा मेंदू आकारानें प्रौढाच्या मेंदूच्या सुमारें ९० टक्के झालेला असतो. ह्यावरून त्याची घडण बालपणींच संपते असें वाटणें साहजिक आहे. परंतु अमेरिकेंतील डॉ. जे गीड व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याच त्याच मुलांच्या मेंदूचीं चित्रें कांहीं काळाच्या अंतरानें यंत्रावर घेतलीं, आणि ही घडण किशोरवयांतही चालू असते हें १९९९ सालीं दाखवून दिलें. शेतकरी दाट उगवलेल्या पिकाची विरळणी करितो, त्याप्रमाणें ह्या वयांत मेंदू वापरांत नसलेल्या जोडण्या काढून टाकितो, आणि नित्य वापरांतल्या बळकट करितो. हें काम मागील भागाकडून पुढील भागाकडे सरकत जातें. पुढचा विचार करणें, परिणाम तोलणें, मनाला आवरणें हीं कामें कपाळामागील भाग करितो. तो सर्वांच्या शेवटीं, म्हणजे पंचविशीच्या सुमारास, पक्का होतो.

२. ओढ आधीं, आवर मागाहून

मेंदूंत खोलवर सुखाची ओढ उत्पन्न करणारा एक भाग आहे. तेथें डोपामीन नांवाचें द्रव्य काम करितें. अपेक्षेपेक्षां अधिक सुखकारक असें कांहीं घडलें म्हणजे हें द्रव्य अधिक सुटतें, आणि "हें पुन्हां कर" अशी खूण मनांत राहते. मूल वयांत येऊं लागलें कीं हा भाग जोरानें जागा होतो. कपाळामागील भाग मात्र सावकाश वाढत असतो. गाडीला बैल उमदे जुंपले आहेत, पण कासरा धरणारा हात अजून कच्चा आहे, अशी ती स्थिति होय.

ही ओढ मुळांत वाईट नव्हे. नवें शिकणें, मित्र जोडणें, धीर करून घराबाहेर पडणें हें तिच्याच बळावर होतें. शिवाय ती सर्व मुलांत सारखी नसते.

३. एकटें असतां व सोबत्यांत असतां

पंधरासोळा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाहीं असें नाहीं. शांतपणें विचारिलें तर तो प्रौढाइतकेंच नीट उत्तर देतो. अडचण निराळीच आहे. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनीं २००५ सालीं ३०६ माणसांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत १३ ते १६ वर्षांचीं मुलें, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांपुढील प्रौढ होते. त्यांस संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर जितकें पुढें जावें तितके गुण अधिक. पण फार लांबविलें तर गाडी आपटून गुण जात. कांहींनीं हा खेळ एकट्यानें खेळला, कांहींनीं समवयस्क सोबत्यांसमोर. सोबती असतां प्रौढांच्या वागण्यांत फारसा फरक पडला नाहीं. तरुणांनीं कांहीं अधिक धोका पत्करला, आणि किशोरांनीं सर्वांहून अधिक. सारांश, ज्ञान असतें. सोबत्यांसमोर तें वेळेवर कामीं येत नाहीं.

४. व्यसन ह्याच वाटेनें शिरतें

तंबाखूंतील निकोटीन डोपामीन वाढवितें. ज्या वयांत मेंदू जोडण्या बळकट करीत असतो, त्याच वयांत ही चटक लागली तर ती खोल रुजते. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१२ सालच्या अहवालाप्रमाणें, तेथें रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकीं ८८ टक्क्यांनीं पहिली सिगारेट अठरा वर्षांच्या आंत ओढली होती. आपल्या देशांत २०१९ च्या पाहणींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं ८.५ टक्के तंबाखू वापरीत असल्याचें आढळलें. म्हणून पहिली चिमूट जितकीं वर्षें लांबेल, तितका लाभच आहे.

५. वडीलधाऱ्यांचें कर्तव्य

केवळ उपदेशानें भागेल काय? आइसलंड देशाचें उदाहरण पाहा. तेथें १९९८ सालीं १५-१६ वर्षांच्या मुलांपैकीं ४२ टक्के मुलें मागील महिन्यांत दारूनें झिंगलीं होतीं, आणि २३ टक्के रोज सिगारेट ओढीत. त्या लोकांनीं मुलांची परिस्थितिच बदलली. आईबापांनीं एकत्र येऊन करार केले, रात्रीं मुलांनीं बाहेर राहण्यावर मर्यादा पाळिली, आणि खेळ व संगीत ह्यांसाठीं सरकारनें पैसा दिला. २०१६ सालीं तेच आंकडे ५ व ३ टक्क्यांवर आले.

आपल्या गांवींही हें अशक्य नाहीं. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणें, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तिची विक्री करणें, ह्यांस २००३ च्या कायद्यानें मनाई आहे. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ पासून बंदी आहे. दुकानदाराला हें सांगण्यास गांवकऱ्यांनीं मिळून जावें. मुलाला दुकानावर तंबाखूची पुडी आणावयास धाडूं नये. घरांत मिश्री भाजली जाते, ती मुलाच्या हातीं प्रथम कोणी दिली ह्याचाही विचार करावा. मैदान, भजनाचीं वाद्यें, पोहण्याची विहीर ह्यांत मुलांच्या धाडसाला वाट मिळते. तेथें जाणत्या माणसानें जवळ असावें. आणि मूल चुकलें तर त्याला घराबाहेर लोटूं नये. त्याचा आवर अजून वाढत आहे. तो पुरा होईपर्यंत आपला आवर त्याला उसना द्यावा लागतो.

विचारासाठीं प्रश्न

१. मेंदूचा कोणता भाग शेवटीं पक्का होतो? त्याचें काम काय?
२. मोटारीच्या खेळावरून संगतीविषयीं काय कळतें?
३. संध्याकाळच्या वेळीं आपल्या गांवचीं मुलें कोठें जमतात? तेथें वडीलधारें कोण असतें?