डाव्या गुडघ्याचं दर्शन

परवा वीर स्टेशनवर तो दिसला. दिवा पॅसेंजर नेहमीसारखी लेट होती, मी बाकड्यावर बसलो होतो, आणि समोरून आला प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या त्या ब्रदरचा मदतनीस. बगलेत तीच काळी बॅग. नजरानजर झाली. माझ्या घरी बसून ज्याने तीन-तीन घावणे चटणीबरोबर खाल्ले, त्याने मोबाइल कानाला लावला आणि पाठ फिरवली. मोबाइल वाजलाच नव्हता. तिथेच ठरवलं, आता लिहायचं.

मेहुणा म्हणतो, "झालं गेलं विसरा, दाजी. प्रभू न्याय करील." प्रभू करीलच. पण मेहुण्याला विसरायला काय जातं? त्याच्या आईच्या पायाची पाचही बोटं शाबूत आहेत.

सुरुवात पुरापासून झाली. २२ जुलै २०२१ महाडकरांना सांगायला नको. रात्रीत सावित्री बाजारपेठेत शिरली, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. मेहुण्याच्या घरात माळ्यापर्यंत चिखल. अशा वेळी हे ब्रदर मुंबईकडून मदत घेऊन आले. तांदूळ, डाळ, चटया, मेणबत्त्या. मदत खरी होती, ती नाकारत नाही. चटया तर आम्ही अजून वापरतो. पण प्रत्येक पिशवीत एक पत्रक होतं, आणि पत्रकावर देवापेक्षा ब्रदरांचा फोटो मोठा होता. मी तेव्हाच मेहुण्याला तसं म्हणालो होतो. तो म्हणाला, "तुमचं नेहमीचंच."

पुढच्या महिन्यात प्रार्थनासभा झाली. ब्रदरांनी सांगितलं की सावित्री रस्त्यावर आलेली आपण जानेवारीतच दर्शनात पाहिली होती. लोक रडले. आता वाटतं, महाडमध्ये पुराची भविष्यवाणी करायला संदेष्टा कशाला हवा? सावित्री आणि गांधारीच्या बेचक्यात वसलेलं गाव आहे. २००५ साली पूर आला, दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या, माणसं गेली. इथलं शेंबडं पोरही आषाढात सांगेल की पाणी भरणार. आणि जानेवारीत ठाऊक होतं, तर जानेवारीत का नाही बोललात? माणसांनी निदान कपडे-कागदपत्रं माळ्यावर टाकली असती. हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मीही नाही.

सभेच्या दारात एक मुलगी कार्डं वाटत होती. नाव, वय, आजार, घरातली अडचण, मोबाइल नंबर. आईचं कार्ड माझ्या बायकोने भरलं. आई खुर्चीत, बायको तिच्या पुढ्यात मांडी घालून. मधुमेह लिहिला, गुडघा लिहिला, रात्री पायाखाली उशी लागते तेही लिहिलं. बायकोला सगळं सविस्तर लिहायची सवय आहे, किराण्याची यादीसुद्धा.

तासाभराने ब्रदर डोळे मिटून थरथरू लागले. "मला एक वृद्ध माता दिसते. तिचा डावा गुडघा... ती रात्री पायाखाली उशी घेते." सगळी सभा "हालेलूया" म्हणून उठली. मी आईला धरून उभं केलं. तिला कमी ऐकू येतं. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर तिने मान डोलावली.

आईचा दुखरा गुडघा उजवा आहे.

मी विचारलं, बरं का. सभा संपल्यावर याच मदतनिसाला विचारलं. तो हसून म्हणाला, "ब्रदर, दर्शन आरशासारखं असतं. पौलाने करिंथकरांना काय लिहिलं? आपण आरशात अंधुक पाहतो. उलटं दिसणारच." मला ते पटलं. मी शिकलेला माणूस, एमआयडीसीत तेवीस वर्षं शिफ्ट केली, केमिकलच्या पिंपावरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय झाकण उघडलं नाही. आणि मला ते पटलं.

पुढचं भराभर सांगतो. अभिषेकाच्या तेलाची बाटली तीनशे रुपये. एकवीस दिवसांची उपवास-प्रार्थना. एकवीस हजारांचं "विश्वासाचं बी". शिवाय आमच्या मंडळीत जाणारा दशमांश सहा महिने तिकडे वळला. वहीत हिशेब आहे, त्रेसष्ट हजार चारशे. आणि एक वाक्य, जे अजून झोपू देत नाही: "गोळी हातात असेल तर चमत्काराला जागा कुठे?" गोळ्यांची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर मीच ठेवली. आईने दोनदा मागितली. मी म्हणालो, "विश्वास ठेव."

पुढच्या पावसाळ्यात चप्पल घासून आईच्या करंगळीला फोड आला. चार दिवसांत बोट काळं पडलं. ब्रदरांना फोन केला तर म्हणाले, सैतानाचा हा शेवटचा हल्ला आहे, टिकून राहा. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा मी फोन केला तो गाडीवाल्याला.

दवाखान्यात दाखल करताना सिस्टरने विचारलं, "कोणता पाय?" बायको पलंगाच्या पायथ्याशी आईकडे तोंड करून उभी होती. चटकन म्हणाली, "डावा." आई ओरडली, "अगं, उजवा! समोर उभी राहिलीस की नेहमी उलटंच सांगतेस."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. सिस्टरला वाटलं, मलाच चक्कर आली. कार्ड भरताना बायको आईच्या समोरच बसली होती. तिचा डावा हात ज्या बाजूला, ती तिने डावी लिहिली. तीच चूक, जशीच्या तशी, ब्रदरांच्या तोंडून दर्शन म्हणून बाहेर पडली. मदतनिसाने सांगितलेला आरसा होता खरा. पण तो स्वर्गातला नव्हता, माझ्या बायकोच्या हातातल्या बॉलपेनचा होता.

बोट काढावं लागलं. आई वाचली. मी ब्रदरांच्या पुढच्या सभेला गेलो आणि सगळ्यांसमोर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरात कुणाच्या तरी विश्वासाला तडा होता. बहुतेक सुनेच्या." जिने मनापासून त्यांचं कार्ड भरलं, तिच्यावरच खापर! त्या रात्री मला त्यांच्या ग्रुपवरून काढलं. नंतर कळलं की माझ्यात "बंडाचा आत्मा" आहे म्हणून तिथे माझ्यासाठी प्रार्थना चालते. आभारी आहे.

आमच्या पाळकसाहेबांना भेटलो तर म्हणाले, "मला पहिल्यापासूनच शंका होती." मग ती शंका काय खिशात ठेवायला होती? कारण त्यांनी हळूच सांगितलं. आधीच बाहेर ख्रिस्ती माणसाकडे संशयाने बघतात. आपणच बोललो तर त्यांच्या हाती कोलीत. ही भीती खोटी नाही, मलाही आहे. पण आपण झाकून ठेवलेली घाण शेवटी दुसरा कुणी उघडतो, आणि तो आपल्यासारखी हळुवारपणे उघडत नाही. पंजाबात बजिंदर सिंग नावाच्या स्वयंघोषित संदेष्ट्याला २०२५ साली मोहालीच्या न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली. केनियात शाकाहोलाच्या जंगलात २०२३ साली उपाशी राहून येशूला भेटा या शिकवणीपायी गेलेल्यांची चारशेहून अधिक प्रेतं निघाली. तिथेही शेजारपाजारी कुणाच्या तरी खिशात शंका असणारच.

म्हणून आता माझे चार शब्द. कुणाला कडू लागले तर लागू देत.

पहिलं, प्रार्थनेच्या कार्डावर फक्त नाव लिहा. आजार, घरभांडण, मुलीचं लग्न, काही लिहू नका. देवाला तपशील पुरवावे लागत नाहीत. ज्याला लागतात तो देवाकडून ऐकत नाही. फेसबुक आणि ग्रुपवर टाकलेलंही कार्डच समजा.

दुसरं, भविष्यवाणी ऐकली की त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा आणि शेजाऱ्याची सही घ्या. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात कसोटी सरळ आहे: बोललेलं घडलं नाही, तर तो परमेश्वराचा शब्द नव्हता. घडून गेल्यावर सांगितलेली भविष्यवाणी म्हणजे कालच्या पेपरातली बातमी.

तिसरं, पैसे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ट्रस्टचं नाव येतं की माणसाचं, ते पैसे पाठवण्याआधी बघा. मी पाठवल्यावर बघितलं. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, हिशेब तपासलेले असतात, पावती मागा. मागितल्यावर चेहरा पडला तर उत्तर मिळालं. दिदाखे नावाची ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली छोटी पुस्तिका आहे. तिच्यातला नियम कुणीतरी आमच्या हॉलच्या दारावर लावायला हवा होता: आत्म्यात आलो म्हणून जो स्वतःसाठी पैसे मागतो त्याचं ऐकू नका, आणि जो तीन दिवस तळ ठोकून राहतो तो खोटा संदेष्टा. आमचे ब्रदर मेहुण्याकडे अकरा दिवस राहिले. अलीशाने नामानाला बरं करून छदामही घेतला नाही. मागे धावत जाऊन चांदी मागणारा गेहजी होता, आणि कोड त्याला लागलं.

चौथं, औषध. कुणीही, कितीही तेल लावून, गोळी बंद करायला सांगितली तर उठून घरी या. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिराचं पोटीस लावायला सांगितलं. पौलाने तीमथ्याला पोटासाठी उपाय सांगितला, आणि पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. आणि कायदाही आपल्या बाजूला आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो सगळ्या धर्मांच्या भोंदूंना लागू आहे. चमत्काराचा दावा करून लुबाडलं तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. साध्या प्रार्थनेला तो हात लावत नाही, म्हणून आपल्या माणसांनी घाबरायचं कारण नाही. मी तक्रार केली नाही. करायला हवी होती. मेहुण्याने बायकोची शपथ घातली.

पाचवं, "अभिषिक्ताला हात लावू नका" हे वाक्य ऐकलं की समजा, प्रश्न योग्य जागी लागला आहे. दाविदाने शौलाला मारलं नाही, पण गुहेबाहेर येऊन सगळ्यांसमोर जाब विचारलाच. पौलाने पेत्राला अंत्युखियात तोंडावर सुनावलं. आमचे ब्रदर पेत्राहून मोठे होते का? आणि "इतकी माणसं चुकतात का" याचं उत्तर बायबलातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकात आहे. अहाबासमोर चारशे संदेष्टे एका सुरात बोलत होते. खरं बोलणारा मीखाया एकटा होता, आणि थोबाडीत त्यालाच बसली.

सहावं, स्वतः वाचा. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. पंडिता रमाबाई मराठी बायबलसाठी उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकल्या. आपल्याला तर मराठीच वाचायचं आहे. बाकी प्रार्थना करा, घाई करू नका, घरातल्यांशी बोला. आणि घरातलं कुणी "मला हे पटत नाही" म्हणालं तर त्याला अविश्वासू ठरवू नका. माझ्या धाकट्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाबा, ते डोळे मिटायच्या आधी कार्ड का बघत होते?" तिला मी गप्प केलं होतं.

एक सल स्थानिक आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आले. त्यांनी शाळा काढल्या, लोकांना वाचायला शिकवलं. महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं. कुणाच्या हातून नाही, कुणाला विचारून नाही. अशा मातीत राहून आम्ही देवाकडे जायला मधला माणूस शोधला, आणि वर त्याला तीनशे रुपये दिले.

तेलाची ती बाटली अजून घरात आहे. टाकवत नाही, पैसे मोजलेत. मागच्या आठवड्यात पुढच्या दाराच्या बिजागरीला चार थेंब घातले. पुरापासून करकरायची, आता आवाज नाही. ब्रदरांच्या तेलाचा एवढा एक गुण मी कुठल्याही सभेत उभं राहून साक्ष म्हणून सांगायला तयार आहे.