दुप्पट वॅट, दुप्पट आवाज?

भोर-वेल्ह्याकडचा पाऊस पत्र्याच्या छपरावर कोसळू लागला, की चित्रपटातील संवाद ऐकू येत नाहीत. अशा वेळी ५० वॅटचा रिसीव्हर काढून १०० वॅटचा महागडा आणावा काय?

रिसीव्हर आलेला ध्वनिसंकेत निवडतो, निरनिराळ्या स्पीकरांसाठी वेगळा करतो आणि त्याची शक्ती वाढवतो. वॅटचा संबंध या शेवटच्या कामाशी आहे. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली, तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, कारण १० × लॉग २ = ३.०१. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते!

८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर जोडला, तर तेच ३ डेसिबल त्याच रिसीव्हरवर मिळतात. पत्र्याखाली जाड छत केले, तर पावसाचा आवाजच कमी होतो.

करून पाहा : रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. मग भिंतींवर गोधड्या टांगून पुन्हा वाजवा. घुमणे कमी झाले ना? संवादही तसेच स्पष्ट होतात.

जास्त स्पीकर किंवा जास्त उपकरणे जोडायची असतील, तरच महाग रिसीव्हरचा उपयोग. नुसत्या वॅटसाठी पैसे मोजण्यापूर्वी हे गणित जरूर मांडा.