ब्लाइंड घेण्याआधी चौकट पाहा

रत्नागिरी तालुक्यातलं पाली मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. कोल्हापूरचा रस्ताही इथूनच नाणीज, साखरप्याकडे निघतो. रस्त्याकडेच्या घरांत दिवसा धूळ, रात्री गाड्यांचे दिवे आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन, त्यामुळे खिडकी झाकणं भाग पडतं. अडचण येते ती भिंतीची, कारण भिंत जांभ्याची असते.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो. तरी त्याच्या पोटात भोकं आणि मातकट जागा राहतातच. ड्रिल अशा जागी गेलं की भोक नको तेवढं रुंदावतं, गिट्टी गरगर फिरते आणि स्क्रू पकड घेत नाही. थोडं वर सरकावं तर लिंटलचं काँक्रीट आडवं येतं. त्यातून घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा, आणि भिंतीला भोक दिसलं की डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार. ड्रिल न लावता बसणाऱ्या ब्लाइंडकडे लोक वळतात ते यामुळेच.

पालीत भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षिकेने मे महिन्यात तसेच रोलर ब्लाइंड ऑनलाइन मागवले. ब्रॅकेटला फोमची दुहेरी टेप होती. सोबतच्या चित्रात दाखवलं होतं तसे त्यांनी ते खिडकीच्या वर, डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर दाबून बसवले. पाऊस लागेपर्यंत काही तक्रार नव्हती. जुलैत एका रात्री ब्लाइंड दांड्यासकट खाली आला. टेप उलटून पाहिली तर तिला रंगाचा अख्खा पापुद्रा चिकटलेला. म्हणजे टेपने रंग सोडलाच नव्हता, रंगानेच भिंत सोडली होती.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जांभ्याचा सच्छिद्र चिरा बाहेरून ओल पितो, ती आत गिलाव्यापर्यंत येते आणि रंगाचा थर सुटा होतो. अशा भिंतीवर कितीही महागडी टेप लावली तरी फरक पडत नाही. खरेदीच्या आधी साधी चिकटपट्टी भिंतीवर घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीवर भुकटी किंवा पापुद्रा आला तर त्या भिंतीचा नाद सोडावा.

टेपची जागा चौकटीवर. ऑइलपेंट दिलेलं लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, नव्या घरांतली ग्रॅनाइटची चौकट, या तिन्हींवर ती चांगली धरते. नुसतं ओलं फडकं फिरवून भागत नाही. रबिंग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावं. अ‍ॅक्रिलिक फोमच्या टेपला पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास लागतात, तोवर ब्लाइंड चढवू नये. हे काम फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उरकलेलं उत्तम. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. ब्रॅकेट चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला खालून चिकटवलं तर सगळं वजन टेपला सरळ खाली ओढून उचकटतं. तेच बाजूच्या उभ्या लाकडावर चिकटवलं तर टेप कितीतरी जास्त भार पेलते. त्या शिक्षिकेने दुसऱ्यांदा ब्रॅकेट असे बाजूला, लाकडावर बसवले. त्यानंतर ते हलले नाहीत.

स्प्रिंगच्या दाबावर बसणारा दांडा हा दुसरा मार्ग. त्यासाठी दोन्ही बाजू टणक हव्यात; भुसभुशीत गिलाव्यावर रबरी टोकं घसरतात, आणि रुंद खिडकीत दांडा मध्ये वाकतो. माप इंच आणि सुतात घ्यावं, वर, मध्ये आणि खाली. जुन्या घरातली खिडकी बहुधा गुण्यात नसते, तेव्हा तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरावं.

लोहचुंबकाचे ब्लाइंड लोखंडी ग्रिलला छान चिकटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला मात्र ते अजिबात चिकटत नाहीत, आणि स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच ग्रिलनाही नाही. घरातला फ्रिजवरचा चुंबक आधी लावून पाहिला की पैसे वाचतात.

कोकणातल्या जुन्या खिडक्यांच्या झडपा बऱ्याचदा आत उघडतात आणि गज चौकटीत असतात. तिथे चौकटीत ब्लाइंड बसवला तर झडपच उघडणार नाही. युरोपातही आत उघडणाऱ्या खिडक्या पुष्कळ, म्हणून तिकडे झडपेच्या वरच्या कडेला अडकणारे ब्रॅकेट मिळतात. ते इकडेही चालतील, पण पावसात लाकूड फुगतं हे लक्षात घेऊन झडप आणि चौकट यांच्यातली फट आधी तपासावी.

कापडाबद्दल माझं मत ठाम आहे: सुती आणि बिनप्रक्रियेचा बांबू इथे नको. आषाढात दोन्हींवर बुरशी धरते. पॉलिस्टर पुसता येतं. तेही पावसाळ्यात दिवसा गुंडाळून ठेवावं, नाहीतर मागची भिंत वाळत नाही.

घरात लहान मूल असेल तर लोंबत्या दोरीचा ब्लाइंड घेऊच नये. दोरी गळ्याभोवती अडकून मुलं दगावली आहेत. त्यामुळेच अमेरिकेतल्या मानकाने डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड दोरीविना किंवा दोरी हाती न लागेल असे बनवायला लावले. आपल्याकडे साखळीचे ब्लाइंड सर्रास विकले जातात. घेतलाच असेल तर साखळी ताणून खाली पक्की करावी आणि पाळणा, पलंग खिडकीपासून दूर सरकवावा.

घर सोडताना टेप ओढून काढू नये, रंगासकट येते. हेअर ड्रायरने ती कोमट करावी आणि मागून गळाच्या तंगुसाची दोरी करवतीसारखी फिरवावी. उरलेला चिकटा बोटाने चोळला की गोळा होऊन निघतो.