झाबायोने शिकू या: चार अंडी, एक पातेलं आणि ऑर्डर घेण्याआधीचा धडा

व्हिडिओत हात भरलेले असतात, सगळं बोलून होत नाही. म्हणून मापं आणि कारणं इथे लिहून देते.

आजचा पदार्थ इटलीचा, झाबायोने. अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि मार्साला वाईन, एवढंच. ओव्हन नको, जिलेटिन नको. रूमवर एक इंडक्शन आणि दोन भांडी असली की झालं.

पण आधी माझी फजिती ऐका. बीबीएच्या शेवटच्या वर्षाला मी याच पदार्थाच्या १२ कपांची वाढदिवसाची ऑर्डर घेतली. चारला बनवलं, सहाला पोचवलं. झाकण उघडलं तर वर बसलेला फेस आणि तळाशी पाणी! पैसे परत केले. रेसिपी बरोबर होती, विकायची पद्धत चुकली होती. आज दोन्ही शिकायचं.

थोडी ओळख

झाबायोनेचं नाव उत्तर इटलीतल्या पिएमोंते भागाशी आणि तिथल्या तोरिनो शहराशी जोडलेलं आहे. मार्साला मात्र दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरची. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या १८९१ च्या प्रसिद्ध पाककृतींच्या पुस्तकातही हा पदार्थ आहे. पिएमोंतेत मार्सालाऐवजी तिथली गोड मोस्कातो वाईनही घालतात.

साहित्य (४ जणांसाठी)

- ४ अंड्यांचे पिवळे बलक
- ४ टेबलस्पून साखर (साधारण ५० ग्रॅम)
- ८ टेबलस्पून मार्साला (१२० मिली)

लक्षात ठेवायला सोपं: एका बलकाला एक चमचा साखर, दोन चमचे वाईन. मार्साला महाग पडते. गोड पोर्ट वाईन चालेल. वाईन नकोच असेल तर गाळलेला संत्र्याचा रस घ्या. मग तो अस्सल झाबायोने नाही, पण हात तोच बसतो.

कृती

१. पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा. बारीक बुडबुडे आले की आच मंद करा. खळखळ उकळी नको.

२. वर बसेल असं खोलगट स्टीलचं भांडं घ्या. त्याचा तळ पाण्याला लागता कामा नये, फक्त वाफ लागली पाहिजे.

३. भांडं बाहेर असतानाच बलक आणि साखर फिकट होईपर्यंत फेटा. साखर टाकून फोनवर बोलायला जाऊ नका. ती बलकातलं पाणी ओढते आणि कडक कण धरतात.

४. वाईन घाला, भांडं वाफेवर ठेवा आणि ८ ते १० मिनिटं न थांबता फेटा. तळ आणि कडा सारख्या खरवडत राहा.

५. मिश्रण फुलून जवळपास तिप्पट होईल. व्हिस्क उचलल्यावर पडणारी धार वर क्षणभर रेघ धरून राहिली की उतरवा. थर्मामीटर असेल तर ७२ ते ८० अंश सेल्सिअस.

यामागचं कारण असं. नुसता बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होतो. साखर आणि वाईनमुळे त्याला जास्त उष्णता सोसते, पण ८० च्या फार पुढे गेलात की गोड भुर्जी. दाणे दिसायला लागले तर लगेच भांडं गार पाण्यात धरा आणि जोरात फेटा. सुरुवातीलाच पकडलं तर वाचतं.

आता धंद्याचं बोलू

झाबायोने म्हणजे गरम फेस. तो जास्त वेळ तग धरत नाही. म्हणून तीन नियम.

*पहिला:* गरम झाबायोने समोरच्या माणसालाच विका. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावा. ग्राहकासमोर फेटा, ग्लासात ओता, हातात द्या. फेटणं हीच तुमची जाहिरात.

*दुसरा:* पार्सल द्यायचंच असेल तर थंड प्रकार करा. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार होईपर्यंत फेटा, मग १५० मिली फेटलेलं व्हिपिंग क्रीम हलक्या हाताने मिसळा. टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम घेऊ नका, ते उभं राहत नाही. माझ्या दुकानात दर आठवड्याला कुणीतरी हीच चूक घेऊन येतं. कप फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

*तिसरा:* अंडं आहे हे ग्राहकाला आधीच सांगा. विक्रीच्या पदार्थात वाईन घालण्याआधी परवान्याचे नियम विचारून घ्या. तोपर्यंत रसच बरा. आणि घरून विकता म्हणून एफएसएसएआय नोंदणी टाळू नका.

पांढऱ्याचा हिशोब

बलक वापरले, पण पैसे अख्ख्या अंड्यांचे गेले! खर्च काढताना चारही अंडी पूर्ण धरा. इटलीत याच्यासोबत लिंग्वे दि गात्तो, म्हणजे मांजरीच्या जिभेसारखी पातळ बिस्किटं देतात. ती पांढऱ्यापासूनच होतात: पांढरं, लोणी, पिठीसाखर आणि मैदा, चारही समान वजनाचे. ओव्हन असलेली मैत्रीण शोधा. टाकून द्यायची वस्तू तुमचा दुसरा माल होते.

गृहपाठ: एका बलकाचा झाबायोने करा. अर्धा लगेच खा, अर्धा तासभर ठेवून बघा. मला जे १२ कप घालवून कळलं, ते तुम्हाला एका अंड्यात कळेल. ऑर्डर त्यानंतर घ्या.